साधंच कर

दोंडाईच्यातून शहाद्याच्या रस्त्याला लागलं, की गाव संपता संपता उजव्या हाताला एक मोठा निंब होता. त्याच्याखाली पत्र्याचं छप्पर, छपराखाली दोन चुली आणि चुलींपुढे जमिनीवर अंथरलेली गोणपाटं. पाटीबिटी काही नव्हती. पाटीची गरजच काय, रस्सा रस्त्यावरच्या माणसाला आपला आपण हाक मारायचा. ही नानांची खानावळ.

मी मूळचा जळगावचा, मेहरूणचा. टेलिफोन खात्यात लागलो आणि पंच्याऐंशीच्या सुमाराला माझी बदली दोंडाईच्याला झाली. एकटा जीव, स्वयंपाकाच्या नावाने आनंदीआनंद. एक्स्चेंजमधल्या मंडळींनी पहिल्याच रविवारी मला नानांकडे नेऊन बसवलं. समोर एक उंच, वाळका माणूस पळी घेऊन उभा होता. मिशा पांढऱ्याफेक, भुवया मात्र काळ्या कुळकुळीत. मी शहरातल्या सवयीने विचारलं, "काय काय आहे?"

"बोकड शे."

"हो, पण बोकडात काय काय?"

"बठ्ठा शे. बस खाले."

बठ्ठा म्हणजे सगळा. सोबतचे लोक खो खो हसले. मला चांगलाच राग आला होता. नानांनी माझ्याकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, चुलीकडे गेले आणि जर्मनच्या ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वाटीभर पायांचा रस्सा आणून ठेवला. आठवडाभर खांबांवर चढउतार करून माझे गुडघे भरून आले होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रस्सा प्यालो, कपाळावर घाम फुटला आणि राग कुठच्या कुठे गेला. त्या दिवसापासून मी नानांचा झालो.

नाना कुणालाही काय हवं ते विचारत नसत. माणूस कसा चालत आला, कसा बसला, पाणी आधी प्याला की नंतर, एवढ्यावरून ते ठरवत. कुणाला कलेजी, कुणाला मुंडी, कुणाला रक्ती, कुणाला नुसता रस्सा आणि भाकरी. कुणी तोंड उघडलंच तर त्यांचं उत्तर तयार असे: "इचारीसन वाढं ते हाटेल. आठे खानावळ शे."

हाटेल हा शब्द ते असा उच्चारत की ऐकणाऱ्याला हाटेलात गेल्याची लाज वाटावी.

बुधवार, शुक्रवार आणि रविवार, असे आठवड्यातले तीनच दिवस चूल पेटायची. दर खेपेला एकच बोकड, तोही स्वतःच्या शेतावर बाभळीच्या शेंगा आणि तुरीचा भुसा खाऊन वाढलेला. ज्वारी घरची, उडीद घरचा, कांदा, मिरची, वांगी, कोथिंबीर सगळं बांधाच्या आतलं. सकाळी गावातला खाटीक येऊन बोकड कापून द्यायचा आणि कातडं घेऊन जायचा. बाकी शिंगं-खूर सोडले तर त्या जनावरातलं काही म्हणता काही वाया जात नसे. माई, म्हणजे नानांची बायको, पाट्यावर भाजलेला कांदा आणि खोबरं वाटायच्या. त्या काळ्या मसाल्याचा वास त्यांच्या हातांना कायमचा बसला होता. बोकड संपला की खानावळ बंद. मग तालुक्याचा साहेब आला तरी त्याला कांदा-भाकरी मिळायची, आणि तो ती खायचा.

हे असं का, असं मी एकदा विचारलं. नानांनी कानबाईच्या रोटाचं उदाहरण दिलं. श्रावणात आमच्या खान्देशात कानबाई देवी बसते. तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घेऊन दळतात आणि त्याचे रोट करतात. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, खाऊन संपवायचे. अगदीच उरले तर जमिनीत पुरायचे.

"बोकडबी रोटच शे," नाना म्हणाले. "जीव लिन्हा ना त्याना? मंग बठ्ठा खावाले जोयजे."

एकदा एक रस्त्याचा ठेकेदार जीप घेऊन आला. त्याच्याकडे पाहुणे होते आणि त्याला फक्त मांडीचं मटण हवं होतं. नानांनी त्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, मग गोठ्याकडे हात केला. "तठे बोकड बांधेल शे. त्याले जाईसन सांगा, बाबा, मांडी दी दे आणि तीन पायवर उभा ऱ्हाय. तो हो म्हनना तर माले काही हरकत नही." ठेकेदार तणतणत निघून गेला. पुढच्याच शुक्रवारी मात्र पाहुण्यांना घेऊन मुकाट गोणपाटावर येऊन बसला आणि वाढलं ते जेवला.

दुसरी गोष्ट कुळकर्णी मास्तरांची. मास्तरांनी धुळ्याला जाऊन कवळी बसवून घेतली होती आणि गावात कुणालाही पत्ता लागू दिला नव्हता. नानांकडे पंक्तीला बसले. सगळ्यांच्या ताटात हाडं, मास्तरांच्या ताटात भेजा आणि दुधात कुस्करलेली भाकरी. पंक्तीने आधी ताटाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळ्यांना सगळं समजलं. मास्तर लालबुंद झाले. त्यानंतर कित्येक दिवस ते खानावळीवरून जाताना मान वळवून जात.

"मी काय वाईट करं?" नाना मनापासून म्हणायचे. "दात नहीत तर नहीत. भूक त शे ना?"

आता एक खरं सांगायला हवं. नाना चुकायचेही. आम्ही फक्त बरोबर निघालेल्या गोष्टी गावभर सांगायचो. मला वजडी आवडते अशी त्यांनी माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच ठाम समजूत करून घेतली. मला वजडी लहानपणापासून आवडत नाही. तो आतड्यांचा वास, ते रबरी तुकडे, नको वाटतं. पण नाना ती वाटी ठेवताना असे काही हसायचे, की जणू माझ्या मनातली चोरी त्यांनी पकडली आहे. त्या हसण्यापुढे 'नको' म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. मी गिळत राहिलो. माझ्यासारखे किती जण काय काय गिळत होते कोण जाणे. नाना सगळ्यांच्या मनातलं ओळखतात ही कीर्ती पार धुळ्यापर्यंत गेली होती, आणि तिच्यात आमच्या भिडेचा वाटा बराच होता. त्यांच्या पानावरून उठून कुणी कधी गेलं नाही, त्यामुळे आपण चुकतो हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

नानांना एक थोरला भाऊ होता, आप्पा. हे मला फार उशिरा समजलं, कारण खानावळीत ते नाव कुणी काढत नसे. काढलं तर नाना पळी ठेवून गोठ्याकडे निघून जात आणि मग पंक्तीला वाढायला कुणी उरत नसे. लोक हुशार, त्यांनी नावच सोडून दिलं. हकिगत एवढीच होती, की आप्पांची सासुरवाडी रावेरकडची, केळीवाली. सासऱ्याला मुलगा नव्हता म्हणून आप्पा तिकडे राहायला गेले आणि जाताना इकडची आपल्या वाट्याची जमीन एका परक्या माणसाला विकून गेले. निंबाच्या पलीकडे मिरचीचं जे रान दिसायचं ते हेच. विकलं त्याचं दुःख नानांना होतंच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं.

"माले इचारं नही," ते एकदाच माझ्याजवळ बोलले. "एक सबद इचारं नही."

न विचारण्याचा हा रोग त्या घरात दोघांनाही होता, असं मला तेव्हा वाटलं. तोंडावर बोललो नाही.

त्यांच्या मनात आप्पा किती होते ते मला एका श्रावणात दिसलं. मी सहज त्यांच्या घरी डोकावलो तर माई कानबाईचे गहू काढत होत्या. नानांना मुलीच, त्या आपापल्या घरी नांदत होत्या. घरात पुरुष एकटे नाना. माईंनी नानांच्या नावाची सव्वा मूठ घेतली आणि थांबल्या. कोपऱ्यातून नानांचा आवाज आला, "आप्पानी घे. त्याना आंडोरनीबी घे." माईंनी आप्पांची मूठ घेतली, त्यांच्या मुलाची, सुधाकरची, मूठ घेतली. हे दरवर्षी चालायचं. आप्पा कधी येत नसत. मग त्यांच्या वाटणीचे रोटही हे दोघं नवराबायको बसून संपवायचे, तिखट-मीठ लावून, दुधात भिजवून, शिळे झाले तरी. मी हात पुढे केला तर नानांनी परात मागे ओढली. "तुले चालत नही. हाऊ भाऊबंदना शे."

आणि ती नळी. बोकडाच्या मागच्या पायाची नळी नाना स्वतः कधी खात नसत. लहानपणी घरात मटण झालं की बाप नळी आप्पांच्या ताटात टाकायचा, थोरला म्हणून. आप्पा ती ताटावर ठक ठक आपटायचे आणि आतला मगज अलगद नानांच्या भाकरीवर सोडायचे. स्वतः नुसतं पोकळ हाड चोखत बसायचे. हे सांगताना नानांनी दोन बोटांनी गोणपाटावर ठक ठक केलं. त्यांना आयुष्यात काय हवं होतं ते मला त्या दिवशी समजलं. भावाने एकदा येऊन आपल्या हातचं जेवावं, बस.

नव्वदनंतरच्या एका हिवाळ्यात एक्स्चेंजला रावेरहून ट्रंक कॉल आला. तेव्हा मी बोर्डावर बसत होतो. सुधाकर बोलत होता. दोंडाईच्यात त्यांच्या नात्यातलं लग्न होतं. मधल्या कुणी वडीलधाऱ्याने आप्पांची समजूत घातली होती.

"नानाकाकांना निरोप द्या. रविवारी संध्याकाळी आप्पा त्यांच्याकडे जेवायला येणार आहेत," सुधाकर म्हणाला. "आणि म्हणावं, साधंच करा. आप्पांनी आवर्जून सांगितलंय, साधंच."

मी सायकल काढली आणि थेट निंब गाठला. निरोप शब्दशः दिला. नाना कांदे निवडत होते. हातातला कांदा त्यांनी खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच भरून आलं.

"साधंच कर म्हने!" ते हसत हसत माईंना सांगू लागले. "देखं का? आप्पा पहिलाफाईन असाच शे. सोतासाठे काही मांगस नही." मग उठून गोठ्यात गेले आणि सगळ्यात देखण्या, तांबड्या बोकडाच्या पाठीवर हात फिरवू लागले. तो त्यांनी कशासाठी राखून ठेवला होता हे कुणालाच माहीत नव्हतं, बहुधा त्यांनाही नाही.

पाहुणा 'साधंच करा' म्हणतो आणि यजमान ते ऐकून दुप्पट करतो, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यात मला वावगं वाटलं नाही. साधं म्हणजे दुसरंही काही असू शकतं हे नानांच्या, माईंच्या, माझ्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही बोकडाच्या घरची माणसं.

रविवारी खानावळ बाहेरच्यांना बंद होती. निरोप आणणारा म्हणून मला बोलावणं होतं. नानांनी जमीन सारवून घेतली होती, गोणपाटांवर घरातल्या गोधड्या घातल्या होत्या. माईंनी भरीत केलं होतं, ठेचा कुटला होता, कळण्याच्या भाकऱ्यांची चवड रचली होती. मुंडी, कलेजी, रक्ती, वजडी सगळी वेगवेगळ्या पातेल्यांत. नाना पोरासारखे चुलीपासून रस्त्यापर्यंत येरझारा घालत होते.

दिवस मावळायच्या आत जीप आली. आप्पा उतरले. नानांचीच उंची, तेच वाळकं अंग. थंडी होती म्हणून गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळलेलं. दोघं भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले. शेवटी आप्पा म्हणाले, "निंब मोठा व्हयना रे." नाना म्हणाले, "हां, व्हयना." एवढंच बोलणं झालं. माईंनी डोळ्यांना पदर लावला. मलाही राहवेना, मी उगाच जीपच्या चाकाकडे पाहत राहिलो.

"मी आपला आठे बाजूले बसस," आप्पा कडेला बसायला लागले. नानांनी त्यांचा हात धरून त्यांना पंक्तीच्या अग्रभागी आणून बसवलं. आप्पांनी चुलीवरच्या पातेल्यांकडे एकदा पाहिलं, क्षणभर अडखळले, मग भावाच्या हाताकडे पाहिलं आणि बसले. आज मला त्या अडखळण्याचा अर्थ समजतो. भावासाठी तो माणूस मटणाच्या पंक्तीला येऊन बसला होता, हेच केवढं मोठं होतं. सुधाकर तिकडे जीप नीट लावून घेत होता.

नानांनी ताटात भाकरी ठेवली, कांदा ठेवला, लिंबू ठेवलं. मग पातेल्यात पळी घालून नळी उचलली, आप्पांच्या भाकरीवर धरली आणि ताटाच्या काठावर आपटली. ठक, ठक. मगज भाकरीवर ओघळला.

आप्पा त्या मगजाकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"नाना," ते म्हणाले, "इतलं ध्यानमा ठेवं तू?"

नानांचे डोळे भरून आले. "भुलसू का मी, आप्पा? बठ्ठं ध्यानमा शे मना!"

आप्पा उठले. वाढलेल्या पानावरून उठले. कुणाकडे न पाहता रांजणाशी गेले आणि हातावर पाणी घ्यायला वाकले, तेव्हा त्यांचं मफलर सुटून खाली आलं. गळ्यात तुळशीची माळ होती. मणी झिजून गुळगुळीत झालेले, म्हणजे आजकालची नव्हे, कितीतरी वर्षांची.

"अवं माय!" माई ओरडल्या. "त्यास्ना गळामा माळ शे!"

आप्पांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते जीपमध्ये जाऊन बसले होते. सुधाकरने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा नानांकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, साधं करा म्हणून निरोप दिला होता ना." त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं वाईट वाटणं होतं. जीप गेली. नाना हातात पळी धरून तसेच उभे होते, आणि पळीतला रस्सा थेंब थेंब त्यांच्या पायावर पडत होता.

त्या बोकडातला घास आम्ही कुणीच खाल्ला नाही. खानावळीच्या आयुष्यात पहिल्यांदा सगळाच्या सगळा बोकड उरला. नानांनी कुदळ घेतली, निंबाच्या मागे खड्डा खणला आणि एकेक पातेलं त्यात रिकामं केलं. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हाऊ भाऊबंदना शे."

पुढे मी त्यांच्या मागे लागलो. म्हटलं, नाना, रावेरला चला. मी येतो बरोबर. सांगा त्यांना, की मला माहीत नव्हतं. गैरसमज आहे, दोन शब्दांत मिटेल.

"काय सांगू? माले माहीत नही व्हतं, असं?" नाना म्हणाले. "सख्खा भाऊना गळामा कितला सालनी माळ शे, आणि भाऊले माहीत नही? हाई सांगाले जाऊ? त्यानापेक्षा त्याले जे वाटस ते वाटू दे. त्याले मी दुष्मन वाटू दे. परका वाटाले नको."

तरी मी न राहवून सुधाकरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. सुधाकरला पटलं. आप्पांना मात्र पटलं नाही.

"ते म्हणता, जो माणूस बठ्ठ्या जिल्ह्याच्या मनातलं ओळखते, त्याले माह्या गळ्यातली माळ माहीत नाही?" सुधाकर त्यांच्या रावेरकडच्या बोलीत सांगत होता. "म्हणता, जमिनीचा राग त्यानं माह्या ताटात वाढला."

फोन ठेवला. नानांची ती कीर्ती, जी आम्ही वजड्या गिळून गिळून वाढवली होती, ती शेवटी अशी उपयोगाला आली. वर्षानुवर्षं माणसांची बोलणी जोडून देणं हे माझं काम, पण या दोन भावांची लाइन काही मला जोडता आली नाही.

पुढच्या बुधवारी खानावळ उघडली. मी बसलो. नाना आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "काय वाढू?"

कुणाला खरंच वाटेना. नाना वाट पाहत उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. खरीखुरी भीती. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच निवड करायची मुभा मिळाली होती.

"वजडी," मी म्हणालो.

त्यांच्या मिशा किंचित हलल्या. "माले वाटनंच व्हतं," असं पुटपुटत ते चुलीकडे गेले. ती वजडी मी वाटी पुसून खाल्ली. मला तेव्हा इतकं वाईट वाटत होतं, की चव काही कळली नाही.

पण माझ्या एका वजडीने काय होणार? विचारलं की सगळ्यांना मांडीच हवी असते. लोक आधी लाजले, मग सोकावले. 'नाना, नरम पीस द्या', 'नाना, मुंडी नको', 'नाना, रक्ती बघवत नाही'. नाना ज्याला जे हवं ते देत गेले. मांडी संपायची आणि मुंडी, पाय, वजडी पातेल्यात तशीच राहायची. सगळा बोकड संपायचा तो नाना विचारत नव्हते म्हणून. आता दर खेपेला निंबामागे कुदळ चालायला लागली. माई म्हणायच्या, विचारू नका हो, तुमचं तुम्ही वाढा. नाना ऐकत नसत. आठवड्यातले तीन दिवस होते त्यांचा एक झाला, मग तोही राहिला. पुढे रस्त्यावर रंगीत पाट्यांचे ढाबे आले तेव्हा नानांची चूल थंड होऊन बराच काळ लोटला होता. त्यामुळे ढाब्यांनी खानावळ बुडवली असं लोक म्हणतात ते खरं नाही.

माझी बदली परत जळगावला झाली. आमची गाठ कमी झाली. मग एके दिवशी सुधाकरचा फोन आला, आप्पा गेले. तेराव्याला नाना जळगावपर्यंत रेल्वेने आले आणि माझ्या दारात उभे राहिले. "चाल," एवढंच म्हणाले. माई आल्या नव्हत्या. त्यांना आता चालवत नव्हतं.

रावेरला पोचलो तेव्हा स्वयंपाक होत आला होता. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, शिरा. सगळं साधं. केळीच्या पानांच्या राशी पडल्या होत्या. नाना आप्पांच्या फोटोपाशी गेले नाहीत, एका खांबाला टेकून उभे राहिले. घरच्या माणसांनी त्यांना पाणी दिलं, बसा म्हटलं. कुणी वाकडा शब्द काढला नाही. ते वाकडा शब्द काढते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मग फोटोपुढे मांडायचं पान आलं. गेलेल्या माणसाच्या नावाचं पहिलं पान. सुधाकरची बायको पान घेऊन नानांसमोर आली. बिचारी साधी बाई, तिच्या मनात काही नव्हतं.

"काका, हे पान तुम्ही वाढा," ती म्हणाली. "त्यांना काय काय आवडायचं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत?"

नानांनी मान हलवली, पण तिने पान त्यांच्या हातात दिलंच. ते फोटोपुढे गेले. पान खाली ठेवलं, त्याभोवती पाणी फिरवलं. वाढप्याने वरणाचं भांडं, भाजीचं भांडं, शिऱ्याचं भांडं त्यांच्याजवळ आणून ठेवलं. नानांनी पळी उचलली, भाजीत घातली, पुन्हा बाहेर काढली. शिऱ्याकडे नेली आणि थांबले. मागे पंगत बसली होती. पहिलं पान वाढल्याशिवाय कुणाला वाढता येत नव्हतं, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

फोटोत आप्पांच्या गळ्यात माळ स्पष्ट दिसत होती. नाना रिकामी पळी धरून त्या फोटोपुढे वाकले.

"आप्पा," त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "काय वाढू?"

आणि खरंच कुणी उत्तर देईल म्हणून ते तसेच वाकून थांबले.